प्रतिसाद: बादँ यांची बाजू

वर कुणीतरी लिहिलंय की अमेरिकेतल्या केंटकीत काम करणारे कॅथलिक धर्मगुरू फादर स्टीफन बादँ चर्चच्या जमिनींना चिकटून बसले, म्हणून त्यांचं तिथले बिशप (प्रांताचे मुख्य धर्मगुरू) फ्लाजे यांच्याशी बिनसलं. मला हे अन्यायाचं वाटतं.

बादँ १७९३ साली बाल्टिमोरला धर्मगुरूपदाची दीक्षा घेऊन धर्मगुरू झाले आणि केंटकीच्या रानात गेले. बिशप तिथे पोचले १८११ मध्ये. मधली कितीतरी वर्षं घोड्यावरून फिरून सगळा भार वाहिला तो याच माणसाने. चर्चसाठी जमिनी घेतल्या, त्या स्वतःच्या नावावर आणि डोक्यावर कर्ज घेऊन. नवे बिशपही सुरुवातीला बादँच्याच मळ्यावर ओंडक्यांच्या खोपट्यात राहिले. सोळा फूट लांब, सोळा फूट रुंद!

बिशपांना जमिनींची कागदपत्रं हवी होती. बादँचं म्हणणं, जमीन घ्या तर तिच्यावरचं देणंही घ्या. आपल्याकडे वाटणीत भांडणारा कुठलाही थोरला भाऊ हेच म्हणेल. बिशपांकडे मात्र फुटकी कवडी नव्हती. बाल्टिमोरहून निघायलाच त्यांना पैशांअभावी काही महिने थांबावं लागलं होतं. दोघेही खरे, दोघेही कफल्लक. १८१९ मध्ये बादँ फ्रान्सला निघून गेले.

आणि लोभी म्हणता? अमेरिकेत परत आल्यावर याच माणसाने इंडियानात साउथ बेंडजवळ पाचशेहून जास्त एकर घेतले आणि चर्चला देऊन टाकले. आजचं नोत्र दाम विद्यापीठ त्याच जमिनीवर उभं आहे.