'सुपरमॅन लिव्ह्ज' : न झालेला चित्रपट समजून घ्यायला सुरुवात कुठून करावी?

चित्रवेडी :
नमस्कार. टिम बर्टन यांच्या दिग्दर्शनाखाली निकोलस केज सुपरमॅन साकारणार होते आणि चित्रीकरणाला काही आठवडे उरले असताना, १९९८ साली, वॉर्नर ब्रदर्सने तो चित्रपट थांबवला, एवढे मला ठाऊक आहे. मात्र जालावर शोधले की एकच छायाचित्र समोर येते : खांद्यापर्यंत रुळणारे केस, चकचकीत निळा पोशाख आणि अर्धवट मिटलेले डोळे. त्याखालची टवाळी वाचून मन खट्टू होते. बर्टन यांच्या १९८९च्या 'बॅटमॅन'वर माझे फार प्रेम आहे, आणि त्यांचा सुपरमॅन निव्वळ हास्यास्पद झाला असता, हे मला पटत नाही. तो कसा झाला असता याचा अंदाज येण्यासाठी काय पाहावे, काय वाचावे आणि कोणत्या क्रमाने, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पटकथाप्रेमी :
त्या छायाचित्रापासून सुरुवात करू नका, ही पहिली विनंती. पापणी लवतानाचा तो एक क्षण आहे आणि त्याने या चित्रपटावर मोठा अन्याय केला आहे. जॉन श्नेप यांचा २०१५चा माहितीपट, 'द डेथ ऑफ सुपरमॅन लिव्ह्ज : व्हॉट हॅपन्ड?', आधी मिळवून पाहा. त्यात पोशाखाच्या चाचणीचे चलचित्रण आहे. तोच पोशाख अंगावर घालून केज वावरतात, बर्टन यांच्याशी बोलतात, क्लार्क केंट कसा दिसावा यावर दोघे विचार करतात, आणि परग्रहावरून आलेला, कुठेच न सामावणारा माणूस त्यांना किती मनापासून उभा करायचा होता, हे लक्षात येते. मी ते दृश्य तीनदा मागे नेऊन पाहिले. बर्टन, पटकथाकार केव्हिन स्मिथ आणि निर्माते जॉन पीटर्स हे तिघेही माहितीपटात बोलतात. केज यांची नवी मुलाखत मात्र त्यात नाही.

त्यानंतर स्मिथ यांची १९९७ची पटकथा वाचा, पण तोच चित्रपट होता असे समजू नका. बर्टन आल्यावर वेस्ली स्ट्रिक यांनी नव्याने लेखन केले आणि खर्च आटोक्यात यावा म्हणून पुढे डॅन गिलरॉय यांच्याकडे काम गेले. पीटर्स यांना हव्या असलेल्या अजस्र कोळ्याचा किस्सा स्मिथ फार रंगवून सांगतात. तो अवश्य ऐका, पण सगळ्यात शेवटी, नाहीतर कोळ्यापलीकडे काही आठवणारच नाही. (पीटर्स निर्माते असलेल्या १९९९च्या 'वाइल्ड वाइल्ड वेस्ट'मध्ये यांत्रिक कोळी खरोखरच आला.)

जुने_अंक :
वरील सल्ल्याशी मी बहुतांशी सहमत आहे, फक्त क्रम थोडा बदलावा असे सुचवतो. ज्या कॉमिक्समधून हे सारे निघाले, ती सुपरमॅनच्या मृत्यूची १९९२ची कथा सर्वांत आधी वाचावी. अखेरच्या झुंजीत एका अंकात प्रत्येक पानावर चार चौकटी, पुढच्यात तीन, मग दोन, आणि 'सुपरमॅन'च्या ७५व्या अंकात पानभर एकच चित्र, अशी ती मोजणी उतरत जाते. मृत्यू जवळ येतो तशी चौकट मोठी होते. हे डोळ्यांखालून घातल्यावर, मरण आणि पुनरागमन या कल्पनेने बर्टन यांच्यासारख्या दिग्दर्शकाला काय काय करता आले असते, ते आपोआप सुचू लागते. कथा एकत्रित पुस्तकरूपातही उपलब्ध आहे.

२०२३च्या 'द फ्लॅश'मध्ये केज सुपरमॅनच्या वेशात कोळ्याशी लढताना क्षणभर दिसतात. त्या क्षणात बर्टन यांचा चित्रपट शोधू नये. त्यांचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता.

चित्रवेडी :
दोघांचेही मनःपूर्वक आभार. आधी कॉमिक्स वाचते, मग माहितीपट पाहते. पोशाखाची चाचणी पाहून झाली की क्लार्कच्या कपड्यांविषयी मला काय वाटले, ते याच धाग्यावर सविस्तर लिहीन.