मदत हवी आहे : सोसायटीतलं झाड पन्नाशीच्या आतलं की बाहेरचं?

आमच्या गेटाशी जुनं रेन ट्रीचं झाड आहे. गेल्या पावसाळ्यात त्याची मांडीएवढी फांदी पार्किंगमध्ये कोसळली. खाली कोणी नव्हतं म्हणून निभावलं. नंतर जवळ जाऊन पाहिलं तर बुंध्याशी तपकिरी, कडक अळंब्या आल्यात आणि काठीने ठोकलं की ढोलासारखं वाजतं. पेव्हर ब्लॉक थेट खोडाला टेकलेत. (आम्हीच बसवून घेतले, वीतभर माती न सोडता. आता बोलणार कोणाला?)

कमिटी म्हणते झाड काढा. मी सेक्रेटरी, त्यामुळे अर्ज माझ्या गळ्यात. महाराष्ट्रात शहरी हद्दीत १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा खाजगी आवारालाही लागू आहे, परवानगीशिवाय तोडता येत नाही, एवढं माहीत होतं. २०२१ ची दुरुस्ती वाचल्यावर मात्र घाम फुटला. ५० किंवा त्याहून जास्त वर्षांचं झाड 'हेरिटेज'. शिवाय तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं लावायची, तीही सहा ते आठ फुटी, आणि सात वर्षं जगवायची. आमच्या आवारात पाच मावली तरी खूप.

इमारत १९७७ ची. खजिनदार म्हणतात, झाड त्याच वर्षी लावलं. तळमजल्यावरच्या आजी म्हणतात, "काहीतरीच! आम्ही राहायला आलो तेव्हा याच्याच सावलीत ट्रक लावून सामान उतरवलं." कमिटीचा आग्रह, अर्जात सरळ ४० लिहा. सही माझी असणार आहे!

वय कशावरून धरतात? रोपं दुसरीकडे लावू देतात का?

पारंबी : ४० अजिबात लिहू नका. या कायद्यात दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची तरतूद आहे. जुन्या गणनेतली नोंद उद्यान विभागाकडे मागा, आजचा घेर तिच्याशी ताडून बघा. इमारतीचा मंजूर नकाशाही काढा, आधीपासूनची झाडं कधीकधी त्यात दाखवलेली असतात. नुसत्या घेरावर जाऊ नका, रेन ट्री भराभर वाढतो. रोपं त्याच जागी किंवा दुसऱ्या योग्य जागी लावता येतात, मात्र ती जागा अर्जाच्या वेळीच बोलून घ्या.

गच्चीवरून : काढायचंच असं आधीच का ठरवलंत? पोकळ झाडही नीट छाटलं तर उभं राहू शकतं. आधी जाणकाराकडून तपासून घ्या. छाटणीलाही परवानगी घ्या, आणि ते ब्लॉक पहिले उचला.

धागाकर्ता : आजींकडे फोटो सापडला. ट्रक आहे, त्यावर लोखंडी कपाट आहे आणि मागे आमचं झाड. तेव्हाच बुंधा माणसाच्या कमरेहून जाड. आधी तपासणीचा अर्ज देतोय, वयाच्या रकान्यात '५० पेक्षा जास्त'. फोटो जोडलाय. कमिटीला अजून सांगितलेलं नाही.