मदत हवी आहे: गिटारच्या ऑनलाइन कोर्ससाठी एकरकमी मानधन घ्यावं की रॉयल्टी?

नमस्कार मंडळी,

मी ११ वर्षं गिटार शिकवतोय, मुख्यतः फिंगरस्टाइल, म्हणजे बोटांनी तारा छेडून वाजवणं. एका ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीने ४० धड्यांचा कोर्स करशील का, असं विचारलंय. चित्रीकरण त्यांच्या स्टुडिओत होईल. पैशांचे दोन पर्याय समोर ठेवलेत. एक, ठरलेली रक्कम एकदाच घ्यायची आणि सगळे हक्क कंपनीचे. दुसरा, त्या रकमेच्या साधारण एक तृतीयांश आगाऊ आणि पुढे 'निव्वळ उत्पन्नावर' १५ टक्के रॉयल्टी. १५ दिवसांत कळवायचं आहे.

पहिल्या पर्यायाची मला धास्ती आहे, कारण त्यात मी एकदा पोळलोय. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीसाठी १८ धडे एकरकमी केले होते. तेव्हा पैशांची निकड होती आणि करार मी नीट वाचलाच नाही. शेवटच्या धड्यांत मी माझ्या दोन स्वतःच्या रचना शिकवल्या होत्या. करारात 'कोर्समधील सर्व साहित्य' कंपनीचं असं वाक्य होतं. पुढे त्यातली एक रचना मी माझ्या अल्बमसाठी रेकॉर्ड करायला घेतली, तर कंपनीचं पत्र आलं: आधी परवानगी घ्या. ती धून मी माझ्या वडिलांच्या आजारपणात, त्यांच्या उशाशी बसून बांधली होती. कोर्स अजून विकला जातो. त्याचे पैसे मिळत नाहीत याचं मला फारसं काही नाही, पण ती धून हातातून गेली हे अजून सलतं.

म्हणून रॉयल्टीकडे ओढा आहे. पण ती मोजणार कशी? हा कोर्स सुटा विकणार नाहीत. वर्गणीदारांना सगळेच कोर्स खुले असतात आणि कोणाचे धडे किती मिनिटं पाहिले गेले त्यावरून पैसे वाटले जातात. महिन्याला सगळ्या शिक्षकांचे मिळून १ लाख मिनिटं पाहिले गेले आणि त्यातली २,००० माझी असतील, तर शिक्षकांसाठी काढून ठेवलेल्या रकमेचे, म्हणजे त्या १५ टक्क्यांचे, २ टक्के मला.

हिशोब सरळ वाटतो, पण वाद्य शिकणं असं होत नाही हो! माझा चांगला धडा चार मिनिटांचा असतो. विद्यार्थी तो पाहतो, व्हिडिओ बंद करतो आणि अंगठ्याची एक चाल अर्धा तास घोटतो. तो अर्धा तासच तर खरं शिक्षण, आणि त्याचं एकही मिनिट कुठे नोंदलं जात नाही. टॅब (कुठली तार कुठे दाबायची ते दाखवणारं लेखन) आणि बॅकिंग ट्रॅक (साथीचं रेकॉर्डिंग) तो एकदाच उतरवून घेतो. याउलट जो शिक्षक २५ मिनिटं बोलत राहतो, त्याची मिनिटं भरतात. पैशांसाठी धडे ताणायचे का? ते मला जमणार नाही. आणि विद्यार्थ्याने एकच तुकडा अर्ध्या वेगाने, लूप लावून दहा वेळा ऐकला तर ती मिनिटं दहापट धरतात की एकदाच?

आणखी एक. माझ्या बॅकिंग ट्रॅकवर बेस आणि ड्रम वाजवणारे दोन मित्र आहेत. त्यांना एकदाच मानधन द्यावं की माझ्या रॉयल्टीत वाटा? तुम्ही कसं केलंत?

प्रतिसाद १

मी पियानोचे तीन कोर्स केलेत. टक्क्याआधी 'निव्वळ' या शब्दाचा अर्थ लेखी मागा. युडेमी या ऑनलाइन कोर्स विकणाऱ्या साइटचं उदाहरण घ्या. तुमच्या स्वतःच्या लिंकवरून विक्री झाली तर ९७ टक्के तुमचे, त्यांच्या साइटवरून झाली तर ३७. पण हे टक्के कर आणि ॲप स्टोअरचा वाटा वजा केल्यावरचे. मोबाइलवर १०० ला विकलेल्या कोर्समधून ॲप स्टोअरने ३० घेतले, तर उरलेल्या ७० चे ३७ टक्के म्हणजे हातात २५.९, आणि करही त्याआधीच जातो.

वर्गणीतला वाटा तर कंपनी बदलूही शकते. युडेमीवरच वर्गणीतला शिक्षकांचा वाटा २०२३ मध्ये २५ टक्के होता, २०२४ मध्ये २०, २०२५ मध्ये १७.५ आणि २०२६ पासून १५. तुमच्या करारात 'दर कंपनी वेळोवेळी ठरवेल' असं असेल तर त्या १५ टक्क्यांवर विसंबू नका. लूपचं विचारायलाच हवं, वाद्याच्या कोर्समध्ये सगळा फरक तिथेच पडतो.

प्रतिसाद २

माझं मत उलट आहे. एकरकमी घ्या. माझ्या व्हायोलिनच्या कोर्सची रॉयल्टी आगाऊ रकमेच्या वर कधी गेलीच नाही. कंपनीने नवे कोर्स आणले आणि माझा मागे पडला. जाहिरात आपल्या हातात नसते. फक्त स्वतःच्या रचना त्यात घालू नका.

प्रतिसाद ३

आगाऊ रक्कम बक्षीस नसते, ती पुढच्या रॉयल्टीतून वळती होते. प्रश्न असा की चित्रीकरण आणि संकलनाचा खर्चही तुमच्याच खात्यावर टाकणार का? समजा आगाऊ ६० आहेत. १५ टक्क्यांनी ते फिटायला तुमच्या कोर्सच्या वाट्याचं ४०० चं निव्वळ उत्पन्न लागेल. त्यात ९० चा खर्च मिळवला की तेच १,००० होतं. तोवर तुम्हाला काहीच नाही.

हक्क कायमचे देऊ नका. ठरावीक वर्षांसाठी वापराचा परवाना द्या आणि मुदतीनंतर धडे तुमच्याकडे परत यावेत असं लिहून घ्या. स्वतःच्या रचनांची नावं परिशिष्टात घालून 'या रचना कलाकाराच्याच' असं स्पष्ट नोंदवा. दुसऱ्यांची गाणी शिकवणार असाल तर त्यांचे परवाने कोण घेणार आणि तो खर्च कुठून वजा होणार, हेही ठरवा.

मित्रांना रेकॉर्डिंगच्या दिवशीच पूर्ण मानधन द्या, आणि ते ट्रॅक कोर्समध्ये वापरायची लेखी संमती घ्या. मिनिटांवरच्या रॉयल्टीत वाटेकरी केलंत तर दर महिन्याला हिशोब देत बसाल.

धागाकर्ता

मनापासून आभार. आज कंपनीशी बोललो. लूपची मिनिटं प्रत्येक वेळी मोजतात, हे त्यांनी ईमेलवर लिहून दिलं. चित्रीकरणाचा खर्च मात्र माझ्या खात्यावर धरणार होते, तो काढायला सांगितलाय. परवाना त्यांनी सात वर्षांचा मागितलाय, पण ते पाचलाही तयार होतील असं वाटतं. मित्रांचे पैसे मी आगाऊ रकमेतूनच देणार आहे.

एकच अडलंय. मुदतीनंतर धडे परत आले, तरी चित्रीकरण त्यांच्या स्टुडिओचं आहे. मूळ फाइली मागता येतात का? कोणी मागून घेतल्या असतील तर करारात ते कलम कसं घातलंत, ते कृपया इथे लिहा. सोमवारी मला मसुदा परत पाठवायचा आहे.