मदत हवी आहे: पॅसिव्ह (बॅटरीशिवायच्या) जॅझ बेस गिटारवर दोन व्हॉल्यूम ठेवू की ब्लेंड (दोन पिकअपचा समतोल साधणारा एकच नॉब) बसवू?

चार तारांचा बेस, दोन सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन टिपणारे), व्हॉल्यूम-व्हॉल्यूम-टोन, सगळे पॉट (नॉबखालचे बदलते रेझिस्टर) २५०के, म्हणजे २५० किलोओहमचे. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असले की हम (सततची गुणगुण) जातो. एक जरा उतरवला की हम परत, वर ट्रेबलही मरतो. ग्राउंड, शील्डिंग तपासलंय.

लॅमिंग्टन रोडवर सहज मिळणारा ड्युअल (एका दांड्यावर दोन) बी२५०के (बी म्हणजे लिनियर, सरळ वाढणारा) पॉट ब्लेंड म्हणून लावून पाहिला. मधोमध दोन्ही पिकअप अर्ध्यावर येतात, आवाज पडतो. म्हणजे मध्ये खाच असलेला एमएन टेपरचा (मधोमध दोन्ही पिकअप पूर्ण उघडे ठेवणारा) पॉटच हवा, तो बाहेरून मागवावा लागेल. बॅटरी-प्रीअँप नको, बॉडीला नवं भोकही नको.

ब्लेंडसोबत मास्टर व्हॉल्यूम (दोन्ही पिकअपचा मिळून एक) ए२५०के (ए म्हणजे लॉग टेपर) ठेवला तर ब्लेंडचा जादा भार पिकअपवर पडणारच. मग ब्लेंड ५००के घेतल्याने ट्रेबलमध्ये कानाला कळेल एवढा फरक पडतो, की २५०के चालेल?