आरपीजी: एका चोरीमुळे अख्खं नाशिक का चिडतं?

गोदाकाठी: गोडो 4 (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) मध्ये पेशवाईतल्या नाशिकवर छोटा आरपीजी (पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम) करतोय. नावलौकिकाला एकच व्हेरिएबल आहे, -100 ते +100. तांबट आळीत हंडा चोरला की त्याच क्षणी पंचवटीतला पुजारीही तोंड फिरवतो. वर अन्नछत्राला चारदा शिधा दिला की चोरी धुऊन निघते. एनपीसी (खेळाडूच्या हातात नसलेली पात्रं) साधारण 40. कुठून सुरुवात करू?

क्वेस्टकरी: आधी तो एकच आकडा मोडा. कीर्ती आणि बदनामी वेगळ्या ठेवा, दोन्ही 0 ते 100, आणि प्रत्येक आळीच्या स्वतंत्र. फॉलआउट: न्यू व्हेगस या गेममध्ये (2010) असंच आहे, गटागणिक दोन खाती, एक दुसऱ्याला खोडत नाही. दोन्ही भरपूर साठली की लोक तुम्हाला बेभरवशाचा समजतात. तांबट मग म्हणेल, "शिधा दिलात, कानावर आलं. हंडा कधी देताय?"

मग प्रत्येक कृत्याची नोंद करा: कोणी, काय, कोणाचं, कुठे, कोणी पाहिलं, किती गंभीर. साक्षीदार नसेल तर हंडा गेल्याचं तांबटाला कळेल, चोर कळणार नाही. अफवा दिवसातून एकदाच, दिवेलागणीला पसरवा, तीही घाटावर किंवा पारावर खरोखर भेटणाऱ्यांमध्येच. दर टप्प्याला 0.6 ने गुणा: 15 ची चोरी 9 होते, मग 5.4, मग 3.24. 4 च्या खाली गेली की तिथेच थांबवा, नाहीतर महिन्याभराने सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि तुम्ही परत पहिल्या जागी येता.

बगशोध्या: वरचं बरोबर, पण उंबरठे दोन लागतील. बदनामी 40 ला गेली की दुकानदार व्यवहार बंद करतो. पुन्हा सुरू करायला ती 25 च्या खाली यायला हवी. दोन्हीकडे 40 च ठेवलंत तर 39–41 मध्ये तोच माणूस सकाळी हाकलतो आणि दुपारी पाणी विचारतो.

भावही तपासा. 100 ची वस्तू दुकानदार 60 ला परत घेतो असं धरा. कीर्तीपोटी दोन्हीकडे 30% दिलेत तर खेळाडू 70 ला घेऊन 78 ला विकेल, आणि पुढे कोणी क्वेस्ट (कामगिऱ्या) खेळणार नाही. सवलत फक्त खरेदीवर द्या. आणि एकच टोमणा लागोपाठ नको. प्रत्येक वाक्याला खेळातल्या निदान दोन दिवसांचा कूलडाउन (तेवढ्यात ते पुन्हा यायचं नाही) लावा.

गोदाकाठी: आणि सोबत फिरणारे साथीदार? ते तर सगळंच पाहतात.

क्वेस्टकरी: त्यांना आळीचं खातं लावूच नका. नोंद तीच, पण तोलायचा काटा ज्याचा त्याचा. बाल्डर्स गेट या गेममध्ये (1998) नाव फार चांगलं झालं की दुष्ट वृत्तीचे साथीदार सोडून जातात. प्रत्येकाला तीन-चार मूल्यं द्या, -2 ते +2: दया, कायदा, पैसा, निष्ठा. चोरीवर पेंढारी साथीदार खूश, कारकून नाराज. फक्त निघून जाण्याआधी दोनदा स्पष्ट बोलून दाखवू दे, नाहीतर खेळाडू त्याला बगच समजतो.

बगशोध्या: डीबगसाठी एक कळ ठेवा: एनपीसीवर क्लिक केलं की त्याला काय माहीत आहे, कोणाकडून कळलं आणि कितपत, ते डोक्यावर दिसावं. आणि गोदेला पूर असेल त्या दिवसांत अलीकडच्या काठावरची अफवा पलीकडे पंचवटीत जाऊ देऊ नका. होडी बंद तर बातमीही बंद. एका फ्लॅगचं (हो/नाही एवढंच सांगणाऱ्या व्हेरिएबलचं) काम आहे.