उभ्या गाडीला धडक, पण गाडी 'नो पार्किंग'मध्ये, चूक कोणाची?

मदत हवी आहे. पुण्यात सोसायटीबाहेर, वळणापासून चार-पाच मीटरवर गाडी उभी होती. रात्री एका कारने मागचा उजवा कोपरा ठोकला. बंपर, टेललॅम्प, क्वार्टर पॅनल (मागच्या चाकावरचा पत्रा) गेलं, दुरुस्तीचं एस्टिमेट 38,000 रुपये. समोरचा म्हणतो, 'इथे नो पार्किंग आहे, भरपाई विसरा.' त्याचं खरं आहे का? क्लेम कुठे करू?

प्रतिसाद 1
नाही. नो पार्किंगचा दंड तुम्हाला होऊ शकतो, पण तेवढ्याने धडकेची जबाबदारी तुमच्यावर येत नाही. उभी गाडी दिसली की थांबणं किंवा बाजूने काढणं हे चालवणाऱ्याचं काम.

प्रश्न एकच: गाडी जिथे होती, त्यामुळे धडक टाळणं अवघड झालं का? मोटार वाहन कायद्याचं कलम 122 धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी उभी करण्याबद्दल आहे. वळणाआड, अंधारात, गाडीचा अर्धा भाग रस्त्यात असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण (अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणारं कोर्ट) थोडा दोष तुमच्यावरही टाकू शकतं आणि भरपाई तेवढ्या टक्क्यांनी कमी होते. रस्ता रुंद, दिवे चालू आणि गाडी कडेला चिकटून असेल तर त्याचा मुद्दा टिकणं कठीण.

म्हणून गाडी अजून हलवली नसेल तर आधी टेप काढा. चाकापासून रस्त्याच्या कडेपर्यंतचं अंतर, उरलेल्या रस्त्याची रुंदी, वळणापासूनचं अंतर मोजा. टेप फोटोत दिसू दे. टेललॅम्पच्या काचा कुठे पडल्यात तेही टिपा, धडक कुठे बसली ते त्यावरून कळतं. ओरखड्याची जमिनीपासूनची उंची आणि त्यात लागलेला दुसऱ्या गाडीचा रंग जवळून घ्या. सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज आजच मागा, जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं.

प्रतिसाद 2
कलम 134 प्रमाणे पोलिसांना 24 तासांत कळवणं त्या चालकाचं कर्तव्य आहे. तो कळवायला गेला नसेल तरी तुम्ही चौकीत जाऊन नोंद करा आणि प्रत घ्या. एमपरिवहन या सरकारी ॲपवर त्याच्या गाडीच्या नंबरवरून विमा कंपनी आणि विम्याची मुदत दिसते.

त्याच्या थर्ड पार्टी विम्यातून (दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा विमा) पैसे हवे असतील तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो. कायद्यात मुदत 6 महिन्यांची आहे. वेळ फार जातो.

स्वतःच्या पॉलिसीतून घ्यायचं तर आधी हिशोब करा. समजा ओन डॅमेज प्रीमियम (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता) बोनसआधी 14,000 आणि नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) 50 टक्के. क्लेम केला की बोनस शून्यावर येतो आणि पुन्हा टप्प्याटप्प्याने वाढतो, म्हणून पुढच्या वर्षी 7,000 जादा, त्यानंतर दरवर्षी 4,200, 3,500, 2,100, 700. पाच वर्षांत 17,500. 1500 सीसीपर्यंतच्या कारला 1,000 तुमच्या खिशातून जातात, आणि झीरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर प्लॅस्टिक बंपरवर 50 टक्के घसारा (भाग जुना झाल्याबद्दलची कपात). तरीही 38,000 ला क्लेम बहुधा परवडतो. बिल 9,000 चं असतं तर मी नको म्हटलं असतं.

विमा कंपनीचा सर्व्हेयर (नुकसान तपासणारा) बघून जाईपर्यंत डेंटिंगला हात लावू देऊ नका. याच एका चुकीने चांगले क्लेम अडकतात.

प्रतिसाद 3
तो रोख द्यायला तयार झाला तर कागदावर तारीख, दोन्ही गाड्यांचे नंबर, रक्कम आणि सही घ्या. पण गॅरेजने बंपर उघडून आतलं तपासल्याशिवाय 'पूर्ण भरपाई मिळाली' असं लिहून देऊ नका. आतला लोखंडी बार वाकला असेल तर तो बाहेरून दिसत नाही.