व्हर्जिनिया: डाव्या वळणावरची धडक, तिकीट आणि इजेचा दावा. दोन्हीला एकच वकील चालेल का?

स्टर्लिंगची_सून विचारते:

लाउडन काउंटी. सिग्नलला साधा हिरवा होता, बाण नव्हता. नवऱ्याने डावीकडे वळवली आणि समोरून सरळ येणारी गाडी माझ्या बाजूच्या दारावर आदळली. माझं मनगट मोडलं, प्लेट घातली आहे. नवऱ्याची मान दुखते. पोलिसाने त्याला कलम ४६.२-८२५ खाली, म्हणजे वाट न दिल्याचं तिकीट (दंडाची नोटीस) दिलं. आमच्या मागच्या गाडीतल्या बाईंचं म्हणणं, समोरचा भलत्याच वेगात होता. त्यांचा नंबर घेतला आहे. कोर्टाची तारीख पाच आठवड्यांवर आहे.

तीन प्रश्न आहेत. ऑनलाइन दंड भरून मोकळं व्हावं का? एक वकील आधी काउंटीचे प्रॉसिक्यूटर (सरकारी वकील) होते, आता ट्रॅफिक डिफेन्स आणि इजेचे दावे दोन्ही बघतात. त्यांच्याकडे सगळंच सोपवावं का? आणि समोरच्याची विमा कंपनी रेकॉर्डेड स्टेटमेंट मागते आहे, द्यावं का?

---

कोर्टकचेरी यांचं उत्तर:

दंड भरू नका. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

ऑनलाइन दंड भरणं म्हणजे कायद्याच्या दृष्टीने गुन्हा कबूल करणं. तीच कबुली उद्या दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून पुढे येते. ‘नोलो कंटेंडेरे’ (गुन्हा कबूल नाही, पण आरोप लढवतही नाही) म्हटलं की सुटलो, असं लोकांना वाटतं, पण व्हर्जिनियाच्या ८.०१-४१८ या कलमात त्याचाही उल्लेख आहे, त्यामुळे त्यावर विसंबू नका. उलट ‘नॉट गिल्टी’ म्हणून खटला चालला आणि न्यायाधीशांनी दोषी ठरवलं, तर तो निकाल दिवाणी दाव्यात सहसा पुरावा म्हणून घेतला जात नाही. दंडाची रक्कम दोन्हीकडे तेवढीच असू शकते, परिणाम मात्र फार वेगळे.

तुमच्या बाजूचं सर्वांत महत्त्वाचं कलम आहे ४६.२-८२३: बेकायदा वेगात गाडी चालवणारा आपला वाट मिळण्याचा हक्क गमावतो. म्हणून सगळा भर समोरच्याचा वेग सिद्ध करण्यावर हवा. त्यासाठी पुढची कामं याच आठवड्यात:

मागच्या गाडीतल्या बाईंना वकिलामार्फत समन्स काढा. ‘येते म्हणाल्या आहेत’ यावर तारखेला जाऊ नका. त्या आल्या नाहीत आणि समन्सही नसेल, तर तारीख वाढवून मिळणं कठीण जातं. ‘खूप जोरात होता’ एवढ्याने भागत नाही. त्यांना ती गाडी किती अंतरावरून दिसत होती, किती वेळ दिसली, बाकीच्या गाड्यांच्या तुलनेत कशी येत होती, हे सांगता आलं पाहिजे.

समोरच्या गाडीतला ईडीआर, ज्याला लोक ब्लॅक बॉक्स म्हणतात, धडकेआधीचे साधारण ५ सेकंद वेग आणि ब्रेक नोंदवून ठेवतो. ती माहिती गाडीमालकाच्या मालकीची असते, त्यामुळे परस्पर काढता येत नाही. पण गाडी टोटल झाली (दुरुस्तीपलीकडे गेली) असेल तर विमा कंपनी ती लिलावात काढते आणि पुरावाही जातो. वकिलाने ‘पुरावा जपून ठेवा’ असं पत्र मालकाला आणि विमा कंपनीला, दोघांनाही लगेच पाठवायला हवं. तुमचीही गाडी भंगारात देऊ नका. दार किती आत गेलं आहे, तेही बोलतं. चौकातल्या दुकानांचे कॅमेरे जुनं चित्रण पुसत राहतात, तिथे आजच जा.

तिकिटाच्या खटल्यात पोलिसाने धडक पाहिलेली नसते. तो सांगतो ते मुख्यतः तुमच्या नवऱ्याने जागेवर काय म्हटलं ते. ‘मला तो दिसलाच नाही’ हे वाक्य तिथे महागात पडतं. नवऱ्याने कोर्टात साक्ष द्यायची की नाही, हे वकिलाशी बोलून ठरवा. जनरल डिस्ट्रिक्ट कोर्टात, म्हणजे जिथे तिकिटाचा खटला चालतो तिथे, साक्षींची अधिकृत नोंद ठेवली जात नाही, पण समोरचा पक्ष स्वतःचा कोर्ट रिपोर्टर आणू शकतो. शपथेवरचा शब्द पुढे दाव्यात समोर येतो.

हरलात तर १० दिवसांत वरच्या, सर्किट कोर्टात अपील करता येतं आणि खटला पहिल्यापासून चालतो. हे १० कॅलेंडरचे दिवस, शनिवार-रविवार धरून.

स्टेटमेंट: समोरच्या विमा कंपनीला देण्याचं बंधन नाही, देऊ नका. स्वतःच्या कंपनीला मात्र सहकार्य करावं लागतं, पॉलिसीतच तसं लिहिलेलं असतं.

---

दुसरी_बाजू:

वकिलाच्या प्रश्नाला वरती कोणी हात लावला नाही, आणि गोम तिथेच आहे.

तुमचा आणि नवऱ्याचा वकील एक असू नये. व्हर्जिनियात नवरा-बायकोला एकमेकांवर असा दावा करता येतो, जुनी आडकाठी कायद्याने काढून टाकली आहे. म्हणजे नवऱ्याची चूक थोडी जरी निघाली, तरी तुमचा दावा त्याच्या लायबिलिटी विम्यावरही (दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणाऱ्या विम्यावर) पडतो. पैसे विमा कंपनी देते, पण कागदावर प्रतिवादी नवराच. जो वकील ट्रॅफिक कोर्टात ‘याची चूक नाही’ म्हणतो, त्यानेच दिवाणीत ‘याचीही चूक आहे’ म्हणायचं, हे जमत नाही. हितसंबंधांचा हा संघर्ष इतका सरळ आहे की कित्येक वकील लेखी संमती मिळाली तरी असं काम घेत नाहीत.

यातला पैशाचा हिशोबही समजून घ्या. व्हर्जिनियात ‘काँट्रिब्यूटरी नेग्लिजन्स’ चालतो: दावा करणाऱ्याची अपघातात कारणीभूत ठरलेली चूक १ टक्का निघाली तरी त्याला शून्य. नवऱ्याच्या मानेचा दावा या एका मुद्द्यावर पडू शकतो. तुम्ही शेजारी बसलेल्या, त्याची चूक तुमच्या माथी येत नाही. दोघांची चूक ठरली तर तुम्हाला दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागता येते. त्यामुळे तुमचा दावा मजबूत आहे आणि त्याचा कच्चा. एका फाइलमध्ये बांधले तर मजबूत दाव्याचं नुकसान होतं.

माजी प्रॉसिक्यूटर असण्याचा उपयोग आहे, पण कुठे ते बघा. साध्या तिकिटांत बऱ्याच काउंट्यांत प्रॉसिक्यूटर उभाच राहत नाही, पोलीस सांगतो आणि न्यायाधीश ऐकतात. तिथे जुन्या ओळखीपेक्षा साक्षीदाराची उलटतपासणी कामाला येते. रेकलेस ड्रायव्हिंगचा आरोप असता, तर गोष्ट वेगळी. तो क्लास १ मिसडिमिनर, म्हणजे फौजदारी गुन्हा, १२ महिन्यांपर्यंत तुरुंग आणि २,५०० डॉलरपर्यंत दंड. तिथे प्रॉसिक्यूटरशी बोलून आरोप ‘इम्प्रॉपर ड्रायव्हिंग’ या सौम्य आरोपावर आणता येतो, आणि ते बोलणं ज्याने टेबलाच्या पलीकडून केलं आहे त्याला नीट जमतं. इजेच्या दाव्याचं कसब मात्र निराळं: वैद्यकीय बिलं, तज्ज्ञ डॉक्टरची साक्ष, विम्याच्या मर्यादा. विचारा की गेल्या काही वर्षांत इजेचे किती दावे ज्युरीपर्यंत नेले. उत्तर गुळमुळीत आलं तर समजा, सगळी तडजोडच होते.

---

स्टर्लिंगची_सून:

मग तिकीट त्यांच्याकडे देते, माझा दावा दुसरीकडे. फी कशी ठरते? आणि हॉस्पिटलची बिलं नवऱ्याच्या कंपनीचा हेल्थ इन्शुरन्स भरतो आहे. नंतर ते पैसे परत मागतात म्हणे?

---

बिलांची_थप्पी:

तिकिटाची फी ठोक, आधीच ठरलेली. गुन्ह्याच्या कामात निकालावर फी ठरवायला नियमांची मनाई आहे. इजेच्या दाव्यात उलट: टक्केवारी, बहुतेक ठिकाणी एक तृतीयांश, कोर्टात गेलं की ४० टक्के. करार लेखीच लागतो. त्यात एक ओळ शोधा: टक्केवारी खर्च वजा करण्याआधी की नंतर? तज्ज्ञ डॉक्टरची साक्ष, कागदपत्रं, समन्स यांचा खर्च हजारांत जातो, म्हणून फरक पडतो.

हेल्थ इन्शुरन्सबद्दल: व्हर्जिनियाच्या कायद्याने आरोग्य विमा कंपनीला तुमच्या भरपाईतून पैसे मागता येत नाहीत. पण मोठ्या आयटी कंपन्यांचे प्लॅन बहुधा ‘सेल्फ-फंडेड’ असतात, म्हणजे बिलांचे पैसे कंपनी स्वतःच भरते. तिथे ‘एरिसा’ हा फेडरल कायदा लागू होतो आणि राज्याची मनाई चालत नाही. कार्डावर नाव मोठ्या विमा कंपनीचं असलं तरी ती फक्त कारभार बघत असते. एचआरकडे प्लॅनचं मूळ दस्तऐवज मागा, फक्त सारांशाची पुस्तिका नको. परतफेडीचं कलम त्यात असतं. तडजोडीचा आकडा ठरवण्याआधी ही रक्कम माहीत हवी, नाहीतर चेक हातात आल्यावर कळतं की निम्मा प्लॅनचाच.

तुमच्या गाडीच्या पॉलिसीत ‘मेड-पे’ (उपचाराच्या खर्चाचा भाग) आहे का बघा. चूक कोणाची हे न पाहता तो मिळतो आणि व्हर्जिनियात तो नंतर भरपाईतून वळता होत नाही. तरी कितीतरी लोक मागतच नाहीत.

२०२५ पासून किमान लायबिलिटी माणशी ५०,००० डॉलर, एका अपघाताला १,००,००० डॉलर. प्लेट घातलेल्या मनगटाला, फिजिओथेरपी धरून, एवढे लवकर संपतात. समोरच्याची मर्यादा कमी पडली तर तुमच्याच पॉलिसीतला ‘अंडरइन्शुअर्ड’ भाग (समोरच्याचा विमा अपुरा पडला तर उरलेली भरपाई देणारा) लागू पडतो का, ते वकिलाला आधीच पाहायला सांगा.

उपचार संपल्याशिवाय रिलीजवर (यापुढे काही मागणार नाही, या कागदावर) सही नको. दावा दाखल करायला २ वर्षं आहेत, गाडीच्या नुकसानीला ५. विमा कंपनीशी बोलणी चालू असल्याने ही मुदत थांबत नाही.

---

एक_भर:

एक राहिलं. काही न्यायाधीश ८ तासांच्या ड्रायव्हर इम्प्रूव्हमेंट क्लिनिकच्या बदल्यात तिकीट रद्द करतात, आणि वाट न दिल्याचे ४ डीमेरिट पॉइंट (लायसन्सच्या नोंदीवरचे दोषाचे गुण) टळतात म्हणून लोक खुशीने हो म्हणतात. इजा झालेली असताना ही सवलत सहज मिळत नाही. मिळालीच तर कबुली नोंदवून मिळते का, की नोंदवल्याशिवाय, हे वकिलाला आधी विचारा. निकाल लागल्यावर कोर्टाच्या नोंदीची प्रत काढून ‘प्ली’च्या, म्हणजे गुन्हा कबूल की नाकबूल या, रकान्यात काय लिहिलं आहे ते तपासा. तिथे चुकून ‘गिल्टी’ पडलं असेल, तर ते अपिलाच्या १० दिवसांतच दुरुस्त करून घेणं सोपं जातं.